मेणातली काळी गोळी

दवाखान्यावर माझ्या नावाची पाटी शेवटपर्यंत होती, पण जुन्या जालन्यात ती कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. रिक्षावाल्याला ‘सुयावाल्या बाईकडं’ एवढं म्हटलं की तो धान्याच्या आडतींमागच्या बोळात आणून सोडायचा. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण उतरताना तो पेशंटला फुकटचा सल्लाही द्यायचा, "घाबरू नका, दुखत न्हाई. अन् काळी गोळी मागून घ्या बरं का, मागितल्याबिगर बाई देत न्हाईत."

मागितल्यावरही मी पटकन द्यायची नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. दवाखाना बंद करून आता बरीच वर्षं झाली. लग्नाकार्यात कोणी भेटलं की सुयांबद्दल विचारतं. किती खोल जायच्या, रक्त यायचं का, तुम्ही स्वतःला कधी टोचून घेतली का. गोळीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. मला विचाराल तर माझ्या धंद्यातली खरी गंमत आणि खरी फजिती त्या गोळ्यांतच होती.

आधी सुयांचं सांगून टाकते. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या काळात मी औरंगाबादला होमिओपॅथी शिकले आणि मग वडिलांशी भांडून ॲक्युपंक्चर शिकायला कलकत्त्याला गेले. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर शिकून नोकरीला लागलेले आमच्या घरातले ते पहिले. मुलगी डॉक्टर झाली हे त्यांना पुरेसं होतं. ‘लोकांना सुया टोचायला एवढ्या लांब कशाला जायचं, इथं काय दाभणं मिळत नाहीत?’ असं ते म्हणाले, आणि स्टेशनवर सोडायला मात्र स्वतः आले.

परत येऊन दवाखाना मांडला तर पहिलीच पंचाईत झाली. आपल्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन. माझ्या सुया केसासारख्या बारीक, भरीव, त्यांत औषध भरायची सोयच नाही. ठरलेल्या जागी टोचायच्या, थोडा वेळ ठेवायच्या, काढायच्या. प्रत्येक पेशंटच्या सुया वेगळ्या, उकळून त्याच्या नावाच्या काचनळीत ठेवलेल्या. हे सगळं नीट समजावून झालं की समोरची बाई पदर सावरत विचारायची, "ते बराबर हाय बाई, पर औषध भरायचं इसरलं का?" पाठ मोकळी झाली तरी लोकांचं समाधान होत नसे. दवाखान्यात गेलो आणि रिकाम्या हातानं घरी आलो, याला ते उपचार म्हणायलाच तयार नव्हते.

एका पेशंटनं तर माझी वंशावळच काढली. म्हणाला, "बाई, औषध चीनचं. चीनमधी बुद्ध. तुम्ही बी बौद्ध. म्हंजी घरचंच औषध की हे." मी म्हटलं, बाबा रे, माझ्या घरचं औषध म्हणजे ओव्याचं पाणी. त्याला ते काही पटलं नाही.

तर त्या गोळ्या. कलकत्त्याला आमच्या सरांच्या घरामागे एका चिनी म्हाताऱ्याचं औषधाचं दुकान होतं. दोन-तीन पिढ्या तिथंच काढलेलं घर, माझ्यापेक्षा हिंदी चांगली बोलायचा. त्यानं मला शिकवलं की चीनमध्ये खरा वैद्य नाडी आणि जीभ बघून प्रत्येकासाठी निरनिराळी मुळं-साली जुळवतो आणि त्याचा काढा देतो. पण घरोघरी रोज काढा कोण उकळणार? म्हणून नेहमीच्या दुखण्यांसाठी ठरलेल्या काढ्यांच्या तयार गोळ्या निघाल्या. काही मोहरीएवढ्या काळ्या, बाटलीत भरलेल्या. काही मोठ्या, मधात वळलेल्या. या मोठ्या गोळीचा थाट काय सांगू. पांढऱ्या मेणाचा गोळा, त्यावर लाल चिनी अक्षरं. मेण फोडलं की आत प्लास्टिकच्या दोन वाट्या, त्यात पातळ कागद, आणि कागदात बोराएवढी मऊ काळी गोळी. एका आजीबाईंनी ती मेणासकट चावून खाल्ली आणि पुढच्या वेळी तक्रार केली की औषधाला गुण आहे पण दाताला फार चिकटतं.

वास मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. बाळंतिणीला देतात तो बोळ, संध्याकाळी धुपाटण्यात टाकतात तो लोबान. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या हकीमसाहेबांनी एकदा गोळी नाकाशी धरली आणि म्हणाले, "बाई, ये तो हमाराच माजून है, सिरफ टोपी चीन की है." माजून म्हणजे हकिमांचं मधात कालवलेलं औषध. मला ते बोलणं आवडलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

पेशंटना मी सोपं करून सांगायची. तेव्हा जुन्या जालन्यात लोक कापड घेऊन शर्ट शिवायला टाकायचे, तयार कपडे नुकते दुकानांत लटकायला लागले होते. मी म्हणायची, काढा म्हणजे माप घेऊन शिवलेला शर्ट आणि ही गोळी म्हणजे तयार शर्ट. अंगाला बसला तर छान, पण बाही आपल्या सोयीनं कमी-जास्त करता येत नाही. सुया आठवड्यातून दोन-तीनदा, मधल्या दिवसांत गोळी, अशी माझी पद्धत होती. नियम एकच. आत काय आहे हे कळल्याशिवाय गोळी द्यायची नाही.

हा नियम माझ्या अंगात का मुरला, तर अंकुशनगरच्या एका माणसामुळं. साखर कारखान्यावर काम करणारा, कंबर धरलेली. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सुया तुमच्या तुम्ही ठेवा, गोळी तेवढी द्या." मी नाही म्हटलं तर रागावून गेला. काही आठवड्यांनी परत आला तो टुणटुणीत. बाजारात कुणाकडून तरी ‘चिनी गोळ्या’ घेतल्या होत्या, डबीवर वाघाचं चित्र, बाकी काही नाही. दोनच दिवसांत कंबर मोकळी. मला हिणवायलाच आला होता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं तर गाल फुगलेले, चेहरा गोल, पायावर सूज. चीनमधल्या कुठल्याच मुळीनं असं होत नाही. कोणीतरी काळ्या गोळीत स्टिरॉइड मळलं होतं. ते एकदम बंद करणंही जिवावर बेतलं असतं, म्हणून मी त्याला हाताला धरून मोठ्या डॉक्टरांकडं नेलं आणि त्यांनी ते हळूहळू सोडवलं. तो वाचला. पण जाताना मलाच म्हणाला, "गुण तर त्याच गोळीला व्हता." अशा माणसापुढं हात टेकायचे, दुसरं काय.

आता भानुदास मास्तरांचं सांगते. हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यासाठीच.

भानुदास मास्तर मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या ओट्यावर कटिंग मास्तर होते. शिवणारे कारागीर चार, कापणारा एकच. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही, म्हणून त्या ओट्यावर त्यांचा मान शेठजींच्या बरोबरीचा. एका सकाळी अंगठा कात्रीच्या कडीत तसाच राहिला आणि उजवा हात-पाय गेला. दवाखान्यातून घरी सोडल्यावर बायको सुभद्राबाई त्यांना माझ्याकडं घेऊन आल्या.

आल्या आल्या दोघांनी हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हटलं. मी ओळखलं, महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेली माणसं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. सुभद्राबाईंनी तो घेतला आणि तसाच धरून राहिल्या. मला वाटलं, झालं, हिला माझं नाव-गाव कळलं. लहानपणापासून असे थांबलेले हात मी खूप बघितले होते आणि माझ्या नाकाचा शेंडा लाल व्हायला वेळ लागत नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पिशवीतून पांढरं फडकं काढलं, पेल्यावर धरलं, माझ्या तांब्यातलं पाणी त्यातून गाळलं आणि अर्धं नवऱ्याला पाजून अर्धं स्वतः प्याल्या. "पाण्यात जीव ऱ्हातेत बाई," त्या म्हणाल्या. "चुकून बी पोटात जाऊ न्हाई." मी नाकाचा शेंडा गुपचूप जागेवर आणला.

रक्तदाबाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, ही अट घालून मी सुया सुरू केल्या. पाय लवकर सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. हाताची मात्र मूठ वळलेली. अर्धांगात असंच होतं, हात धरायला शिकतो, सोडायला शिकत नाही. मास्तर दर वेळी कापडी पिशवीत आपली कात्री घेऊन यायचे. सुया काढल्या की कडीत बोटं अडकवून बघायचे. कात्री मिटायची, उघडायची नाही.

"मिटायला काय लागतं हो बाई," ते म्हणायचे. "मिटती ती आपोआप. उघडायलाच जोर लागतो. इतकी वर्सं कापलं, पर हे मला आत्ता कळून राह्यलं."

शेठजी भला माणूस होता. दिवाळीच्या गर्दीपर्यंत जागा रिकामी ठेवतो, असं त्यानं सांगितलं होतं. त्यानंतर दुसरा कटिंग मास्तर बघावा लागेल, हेही सांगितलं होतं. त्यामुळं आम्हा तिघांचं लक्ष दिवाळीकडं. आषाढात मनगट फिरायला लागलं. श्रावणात सगळं थांबलं. सुया तशाच, हात तसाच.

मी कलकत्त्याच्या म्हाताऱ्याला कळवलं. अर्धांगानंतर आखडलेल्या हाता-पायांसाठी चीनमध्ये एक जुनी गोळी देतात, ती त्यानं पाठवली. पार्सल फोडून मी नेहमीप्रमाणं खोक्यावरची घटकद्रव्यं वाचायला लागले. बोळ. लोबान. शुद्ध केलेला बचनाग. आणि फेरेटिमा. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या कोणालाही हा शब्द विचारा. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून आम्ही सगळ्यांनी तो चिरलेला आहे. फेरेटिमा म्हणजे गांडूळ.

मला आधी हसूच आलं. एवढी लांबून मागवली, आणि मागवली कोणासाठी, तर पाणी गाळून पिणाऱ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई एकट्याच पार्सलची चौकशी करायला आल्या. मी खरं ते सांगितलं. त्यांनी तो मेणाचा गोळा आपल्याकडं ओढला. मग म्हणाल्या, "गुळात घालून देते. त्यांला कळणार बी न्हाई."

"सुभद्राबाई, तुम्हीही उपदेश घेतलेला आहे ना?"

"घेतलेला हाय. म्हणूनच सांगते. काय करून राह्यले ते मला कळतं. दोष लागला तर मला लागंल, मी फेडीन. तुम्ही निसतं गप ऱ्हा."

माझा स्वभाव तेव्हा फटकळ होता, आजही फार निवळलेला नाही. मी म्हटलं, "मी सुया टोचते, फसवत नाही. त्यांना सांगितल्याशिवाय ही गोळी दवाखान्याबाहेर जाणार नाही."

त्या उठल्या. आवाज चढवला नाही. "तुमचं काय जातं बाई सांगायला," त्या म्हणाल्या. "हात त्यांचा हाय अन् चूल माझी हाय." दारात थांबून त्या नेहमी दंडवत म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

ते वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं. माझं खरंच काय जात होतं? मला गांडुळाचं ना पाप ना पुण्य. गोळीनं हात उघडला असता तर एक घर सावरलं असतं, आणि मास्तरांना जन्मात कळलं नसतं. मी वडिलांकडं गेले. ते तेव्हा निवृत्त होऊन पेपर वाचत बसलेले असायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या ताटात काय टाकायचं ते दुसरेच ठरवायचे. शिळं असो, मेलेल्या ढोराचं असो, आम्हाला कोणी विचारलं नाही. विचारणं ही लहान गोष्ट नाही, पोरी." आणि परत पेपर वर धरला.

पुढच्या वेळी सुया काढून झाल्यावर मी गोळी मास्तरांच्या समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. सुभद्राबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, आत आल्या नाहीत.

"गांडूळ म्हंजी आपल्या वावरातलं?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच. वाळवून पूड केलेलं."

"तेवढं काढून देता येत न्हाई का?"

"तयार गोळी आहे मास्तर. त्यातलं एक काढता येत नाही."

त्यांना हसू आलं. "तयार शर्ट," ते म्हणाले. मग डाव्या हातानं गोळी उचलून वळवून वळवून बघितली, अक्षरांवरून नख फिरवलं. "हिच्यानं हात उघडंल का?"

मी म्हणू शकले असते, हो. काही डॉक्टर म्हणतातही, पेशंटला धीर यावा म्हणून. "सांगता येत नाही," मी म्हटलं. "काहींना गुण येतो, काहींना नाही."

"मंग न्हाई बाई." त्यांनी गोळी टेबलावर ठेवली. "उघडंलच असं पक्कं बोलल्या असता तर लई अवघड गेलं असतं मला. बरं झालं बोलल्या न्हाईत." कात्री पिशवीत घालताना त्यांचा चेहरा पडला होता, ते मी बघितलं. उगाच कशाला खोटं लिहू.

त्या वर्षी दिवाळी आली आणि हात अर्धाच उघडला. बोटं तळव्यापासून सुटली, पण कात्रीच्या जोराला पुरी पडेनात. शेठजीनं भोकरदनकडून एक तरुण कटिंग मास्तर आणला. भानुदास मास्तरांना ओट्यावरून काढलं नाही. माप मास्तरांनी घ्यायचं, डाव्या हातानं खडू मास्तरांनी मारायचा आणि कापायचं त्या नव्यानं. मी एकदा ब्लाउजपीस घ्यायला गेले तेव्हा बघितलं, नव्याची कात्री चालताना मास्तरांचा उजवा अंगठा मांडीवर हलत होता. मी ब्लाउजपीस न घेताच परत आले.

पार्सलमधल्या त्या गोळ्या मी पुढं दुसऱ्यांना दिल्या, सांगून दिल्या. एका ट्रक ड्रायव्हरचा हात छान उघडला. एका शिक्षकांचा मुळीच नाही. ड्रायव्हरनं निघताना जोरात माझा हात दाबला तेव्हा सुभद्राबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या हाताकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी नजर वळवली. आता एवढ्या वर्षांनी कोणी विचारलं की तो हात गोळीनं उघडला, सुयांनी उघडला, का आपल्या वेळेनं उघडला, तर मला सांगता यायचं नाही. आयुष्यभर सुया आणि गोळ्या एकत्र दिल्या, त्यामुळं कशानं काय झालं हे कळायची वाट मीच बंद करून ठेवली होती. ही खंत मला आहे, आणि ती कुठल्या एका पेशंटपुरती नाही.

नव्वदनंतरच्या काही वर्षांत कलकत्त्याचा म्हातारा वारला. बाजारात चिनी म्हणून काय काय यायला लागलं, खोक्यावर एक आणि आत दुसरंच. खात्री देणारा माणूस गेल्यावर मी नवीन माल मागवणं बंद केलं. पेशंट कुरकुरले, रिक्षावाल्यानं सल्ला द्यायचं सोडलं नाही. मास्तर थकले आणि दोघं पिंपळगावला राहायला गेले. सुभद्राबाई अधूनमधून गुडघ्यासाठी यायच्या, सुया लावून घ्यायच्या, मोजकं बोलायच्या. दंडवत नाहीच. मीही विषय काढला नाही.

आणि एका दुपारी त्यांचा मुलगा जीप घेऊन दारात. तो पुण्याला कारखान्यात होता, वडिलांचं कळलं म्हणून धावत आलेला. मास्तरांना दुसरा झटका आला होता, या वेळी डाव्या बाजूला. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं. वाचा गेलेली, पातळ पेज तेवढी उतरत होती. "बाई, ती मेणातली गोळी हाय का तुमच्याकडं?" तो म्हणाला. "असंल तर घेऊन चला. आता त्यांला काय कळून राह्यलंय."

कपाटात शेवटच्या दोन उरल्या होत्या. मी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आता तुम्ही काहीही दिलं तरी फरक पडेल असं मला वाटत नाही, घरच्यांच्या समाधानासाठी द्यायचं तर द्या. मलाही फार आशा नव्हती. तरी एक गोळी घेतली.

पिंपळगावच्या घरात मास्तर ओसरीतल्या बाजेवर होते. डोळे उघडे. सुभद्राबाई उशाशी. पोरानं वाटी आणली, चमचा आणला, गोळी पाण्यात खलायला मागितली. मी मेण फोडत होते तेवढ्यात सुभद्राबाईंनी माझं मनगट धरलं.

"पहिले त्यांला सांगा," त्या म्हणाल्या.

"आई, त्यांला कळत न्हाई आता," मुलगा म्हणाला.

"कळत असंल न्हाईतर नसंल. बाईंनी तव्हा सांगितलं व्हतं. मी नगं म्हणत व्हते तरी सांगितलं व्हतं. आता चोरून द्यायची न्हाई."

मी बाजेशेजारी टेकले आणि मास्तरांच्या कानाशी वाकून सांगितलं. ही तीच गोळी आहे, मास्तर. गांडुळाची. तुमचा मुलगा आलाय, त्याला द्यावीशी वाटते. तुम्ही नको म्हणालात तर कोणी देणार नाही. ते माझ्याकडं बघत होते. बोलता येत नव्हतं, मानही हलवता येईना. डावा हात गेलेला. राहिला होता तो उजवा, मी वर्षानुवर्षं सुया लावून अर्धा उघडलेला. मी कागदातली गोळी त्या हातात ठेवली. बोटं त्यांच्या सवयीनं आपोआप मिटली. म्हटलं, "हवी असेल तर राहू द्या हातात. नको असेल तर सोडून द्या."

आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय मागितलं. त्या हाताला धरून ठेवायला काहीच करावं लागत नव्हतं. सगळा जोर सोडायला लागत होता, तोच जो दिवाळीला पुरला नव्हता. मी गोळी परत घ्यायला हात पुढं केला. सुभद्राबाईंनी मान हलवून मला थांबवलं.

बराच वेळ काही झालं नाही. मुलगा चमचा घेऊन उभाच. मग अंगठा हलला. त्यामागून करंगळी. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. बोटं एकेक करून सुटत गेली, मी इतक्या वर्षांत बघितली नव्हती तेवढी सुटली, तळवा पुरता सपाट झाला आणि गोळी घरंगळून गोधडीवर पडली.

मुलानं चमचा खाली ठेवला. मास्तर डोळे मिटून पडले होते, हात तसाच उघडा. सुभद्राबाईंनी त्यात आपला हात घातला. "उघडला की हो," त्या त्यांनाच म्हणाल्या.

मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. चौकटीत थांबून पदर डोक्यावरून नीट घेतला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "दंडवत, बाई."